शांत गावाचे संगीत

(द्वितीय वर्ष, कला)

छंद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी किंवा काडेपेट्यांवरची चित्रे उभी राहतात. मी माझा छंद सांगितला की समोरचा माणूस आधी ‘काय म्हणालास?’ असे विचारतो आणि मग ‘त्यातून मिळते काय?’ असे विचारतो. ह्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकदाच नीट लिहून काढावीत, म्हणून हा लेखप्रपंच.

मी ‘एक्झॉटिका’ नावाच्या संगीताच्या आणि त्याच्या गणगोतातल्या जुन्या तबकड्या जमवतो. आजमितीस माझ्यापाशी ४३ तबकड्या आहेत. मी संगीतातला जाणकार नव्हे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मीच पहिला. पेटीवरचा ‘सा’ कोणता हे सांगणारेही घरात कोणी नाही. तेव्हा जे ऐकून, वाचून आणि चार लोकांना विचारून समजले, तेवढेच येथे मांडतो.

प्रथम ‘एक्झॉटिका’ म्हणजे काय ते पाहू. ‘एक्झॉटिक’ ह्या इंग्रजी शब्दाचा अर्थ दूरदेशीचे, परके आणि म्हणूनच मोहक वाटणारे. १९५० नंतरच्या दहापंधरा वर्षांत अमेरिकेत अशा ‘दूरदेशी’ संगीताची मोठी लाट आली. लेस बॅक्स्टर ह्या संगीतकाराने १९५१ मध्ये एक तबकडी काढली. तिच्यात ‘क्वाएट व्हिलेज’, म्हणजे ‘शांत गाव’, नावाची एक रचना होती. पुढे मार्टिन डेनी ह्या पियानोवादकाने तीच रचना आपल्या पद्धतीने वाजवली आणि १९५७ मध्ये ‘एक्झॉटिका’ ह्याच नावाची तबकडी प्रसिद्ध केली. ह्या प्रकाराला नाव मिळाले ते त्या तबकडीवरून. १९५९ मध्ये ती अमेरिकेतील खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

ह्या संगीतात गायक बहुधा नसतो. पियानो, बोंगो, कोंगा, लाकडी पट्ट्यांचा मारिंबा आणि धातूच्या पट्ट्यांचा व्हायब्राफोन ही मुख्य वाद्ये. व्हायब्राफोनच्या पट्ट्यांखाली नळ्या असतात व त्या नळ्यांच्या तोंडाशी विजेवर फिरणाऱ्या चकत्या असतात. त्यामुळे सूर पाण्यावरच्या तरंगासारखा हलत राहतो. डेनीच्या वाद्यवृंदात हे वाद्य आर्थर लायमन वाजवीत असे. पुढे त्याने स्वतःच्या तबकड्या काढल्या. ह्या सगळ्यावर कळस म्हणजे पक्ष्यांच्या हाका आणि बेडकांचे डराव डराव! त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. डेनीचा वाद्यवृंद होनोलुलूच्या एका हॉटेलात, उघड्यावरच्या मद्यगृहात वाजवीत असे. शेजारी पाण्याचे कुंड होते व त्यात बेडूक होते. वादन सुरू असताना बेडूक ओरडत आणि वादन थांबले की तेही गप्प होत. हे ध्यानात आल्यावर वादकांनी थट्टेने पक्ष्यांचे आवाज काढले. दुसऱ्या दिवशी श्रोतेच ‘ते पक्ष्यांचे वाजवा’ अशी मागणी करू लागले. थट्टेचा पुढे प्रघात पडला.

हे संगीत नेमके त्याच काळात का गाजले? ह्याला तीन कारणे दिसतात. एक, दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातील बेटांवर गेलेले हजारो सैनिक घरी परतले होते व त्या बेटांच्या आठवणी, खऱ्या आणि सजवलेल्या, घरोघरी पोहोचल्या होत्या. दोन, १९५९ मध्ये हवाई बेटे अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाली व विमानाने तेथे सहलीला जाणे वाढले. तीन, १९५८ च्या सुमारास दोन कर्ण्यांचा स्टिरिओ संच घरात येऊ लागला होता. नव्या संचाची करामत पाहुण्यांना दाखवायची तर डावीकडे पक्षी आणि उजवीकडे बोंगो, ह्याहून सोयीचे काय?

‘टिकी’ हा शब्द ह्याच संगीताला चिकटलेला आहे. टिकी म्हणजे पॉलिनेशियातील लोकांची कोरीव मानवाकृती. माओरी लोकांच्या कथांत पहिल्या पुरुषाचे नाव टिकी. त्या लोकांच्या दृष्टीने ही पूर्वजांची, श्रद्धेची वस्तू. १९३० नंतर कॅलिफोर्नियात ‘डॉन द बीचकोंबर’ आणि ‘ट्रेडर व्हिक्स’ ही उपाहारगृहे निघाली. बांबू, गवताचे छप्पर, मासेमारीची जाळी आणि ह्या कोरीव मूर्ती अशी त्यांची सजावट. त्यांच्या नकला सगळीकडे निघाल्या आणि मूर्ती अखेर दारूच्या पेल्यावर येऊन बसली. आपल्या म्हसोबाचा मुखवटा कोणी पेल्यावर छापला तर आपल्याला काय वाटेल, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो. त्याकडे पुढे वळू.

माझी ह्या संगीताशी गाठ पडली ती पोटापाण्याच्या निमित्ताने. मुळशी तालुक्यात धरणाच्या कडेने आता ठिकठिकाणी रिसॉर्ट झाली आहेत. शनिवार-रविवारी पुण्यामुंबईची मंडळी येतात. अशाच एका ठिकाणी मी सुटीच्या दिवशी वाढप्याचे काम करतो. तेथे पाण्याच्या बाजूला गवताने शाकारलेली एक झोपडी आहे. तिच्या खांबांवर मोठ्या डोळ्यांचे लाकडी मुखवटे लावले आहेत आणि संध्याकाळी मंद संगीत चालते. आमच्या आळीत शाकारलेली घरे जाऊन पत्रे आले त्याला किती वर्षे झाली! पण पाहुण्यांना गवताचेच छप्पर आवडते. एके दिवशी ताटे उचलताना एका रचनेने माझे पाय थांबवले. मोबाइलवर शोधल्यावर नाव निघाले, ‘क्वाएट व्हिलेज’. शांत गाव. समोर धरणाचे पाणी, आणि त्या पाण्याखाली माझ्या पणजोबांचे गाव.

त्या रात्रीपासून मी डेनी, लायमन वगैरे मंडळी मोबाइलवर ऐकू लागलो. त्यांच्या मूळ तबकड्या माझ्याजवळ नाहीत आणि त्या घेण्याची ऐपतही नाही. पण शोध घेता घेता असे ध्यानात आले की, ह्या संगीताचे सख्खे-चुलत भाऊ आपल्याकडेही होऊन गेले आहेत आणि त्यांच्या तबकड्या पुण्याच्या जुन्या बाजारात बसल्या जागी मिळतात. बुधवारी शेवटचा तास संपला की मी पौडहून बस पकडतो. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. माझा रविवार ताटांचा, म्हणून माझा वार बुधवार.

माझ्या संग्रहाचे तीन खण आहेत.

पहिला खण चित्रपटगीतांचा. ‘अलबेला’ हा १९५१ चा चित्रपट अनेकांना भगवानदादांच्या नाचामुळे आठवतो. भगवान आभाजी पालव हा अमरावतीत जन्मलेला, गिरणगावात वाढलेला मराठी माणूस. संगीत दिले ते सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, ह्यांनी. त्यातले ‘शोला जो भडके’ कान देऊन ऐका. बोंगोचा ठेका, तुताऱ्यांची ललकार. हे आपल्या मातीतले नव्हे, पण परकेही वाटत नाही. त्यामागे गोव्याच्या हळदोणे गावचा आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट ह्या ट्रंपेटवादकाचा हात होता. मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवणारा हा कलावंत सी. रामचंद्रांचा साहाय्यक होता आणि त्याच चित्रपटात आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतो. गोव्यात चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जात असे, त्यामुळे गोव्याचे वादक लिहिलेले संगीत वाचू शकत. संगीतकाराने गुणगुणलेली चाल पन्नास वादकांसाठी कागदावर उतरवणारे हात बहुतेक त्यांचे होते. त्यांची नावे मात्र तबकडीच्या कागदावर क्वचितच सापडतात.

दुसरा खण गिटारचा, आणि तोच माझा सर्वांत लाडका. हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू ह्या तरुणाने गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर पोलादाचा तुकडा सरकवण्याची रीत रूढ केली. बोटाने तार दाबली की सूर पायरीपायरीने जातो. पोलाद सरकवले की एका सुरातून दुसऱ्या सुरात घसरत जातो. आपण ह्याला मींड म्हणतो. विचित्र वीणेत हेच तत्त्व आहे. म्हणून हवाई गिटार भारतीय कानाला चटकन रुचली. हवाईचा टाऊ मो हा कलावंत आपल्या कुटुंबासह १९४० नंतरच्या दशकात कलकत्त्यात राहिला व त्याच्यामुळे हे वाद्य तेथे फार लोकप्रिय झाले. पुढे लखनौचे व्हॅन शिप्ले, कलकत्त्याचे काझी अनिरुद्ध आणि सुनील गांगुली ह्यांनी चित्रपटगीतांच्या चाली गिटारवर वाजवून शेकडो घरांत पोहोचवल्या. शिप्ले ह्यांनी तर आठ तारांची विजेची गिटार करवून घेतली होती. त्यांच्या जोडीला अकॉर्डियन घेऊन असत ते आपल्या पुण्याचे एनॉक डॅनियल्स. गाणे ओळखीचे, पण गाणारा नाही. शब्द ऐकणाऱ्याने मनात म्हणायचे. आर्थर लायमनची तबकडी आणि ही तबकडी पाठोपाठ ऐकल्या तर नाते आपोआप समजते.

तिसऱ्या खणात सध्या एकच तबकडी आहे. ‘कॉल ऑफ द व्हॅली’, साल १९६७. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरासियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. निर्माते गो. ना. जोशी, भावगीतगायक म्हणून ते मराठी माणसाच्या परिचयाचे आहेतच. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस, अशी कल्पना. दूरचे खोरे घरबसल्या ऐकवायचे, म्हणजे हेतू डेनीचाच. पण येथे पक्ष्यांचे आवाज काढावे लागले नाहीत. पहाटेला अहिरभैरव, सांजेला भूप, असे रागांनीच प्रहर दाखवले. माझ्या मते एक्झॉटिकाला आपण दिलेले हे सर्वांत सुंदर उत्तर होय.

आता थोडे व्यवहाराचे. तबकड्या मुख्यतः तीन जातींच्या असतात. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेची. दहा इंचांच्या तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे. ती हातातून पडली की फुटलीच. ४५ फेऱ्यांची सात इंची आणि ३३ १/३ फेऱ्यांची बारा इंची लाँगप्ले ह्या प्लॅस्टिकच्या. सुई मात्र निराळी लागते: ७८ ची खाच रुंद असल्याने तिला जाड टोकाची सुई हवी. लाँगप्लेची बारीक सुई ७८ वर लावली तर ती खाचेच्या तळाशी घासत राहते आणि नुसती खरखर ऐकू येते. एच. एम. व्ही.च्या लाँगप्लेच्या क्रमांकाआधी ई. सी. एल. पी. असेल तर ती मोनो, ई. सी. एस. डी. असेल तर स्टिरिओ.

बाजारात तबकडी घेताना वेष्टनावर भाळू नये. ती उन्हाकडे तिरपी धरावी. केसाएवढे चरे चालतील. नखाला लागणारा चरा असेल तर घेऊ नये. मग डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून वाकली आहे का ते पाहावे. मी लाँगप्लेला शंभर ते अडीचशे आणि ७८ ला पन्नास ते ऐंशी रुपये देतो. गायकांच्या तबकड्यांवर गिऱ्हाइकांच्या उड्या पडतात, गिटार-अकॉर्डियनच्या मागे राहतात. हेच माझे भाग्य. परंतु हेही किती दिवस? मुंबईच्या चरणजित सिंगांनी १९८२ मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर सिंथेसायझरवर वाजवले. तेव्हा कोणी फारसे विचारले नाही. २०१० मध्ये ती तबकडी परदेशातून पुन्हा निघाली आणि जगभर गाजली. आता तिची मूळ प्रत माझ्यासारख्याने नुसती नावापुरती माहीत असू द्यावी.

तबकडी धुताना कोमट पाणी आणि थेंबभर साबण पुरे. मधला कागद भिजू देऊ नये. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नये, लाख त्यात विरघळते. तबकड्या नेहमी उभ्या ठेवाव्यात. एकावर एक रचल्या की वजनाने वाकतात. आमच्या मुळशीत पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल येते, म्हणून मी त्या पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून वर, कडुनिंबाच्या पाल्यासह ठेवतो आणि उघडीप मिळाली की वेष्टने सावलीत वाळवतो. अधिक खोलात जायचे असेल त्यांनी १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ह्या संस्थेचे काम पाहावे. सुरेश चांदवणकरांसारख्या अभ्यासकांनी तेथे संग्राहकांची पिढी घडवली आहे. संग्रह म्हणजे ढीग नव्हे. प्रत्येक तबकडीचे साल, क्रमांक, वादक वहीत नोंदले तरच तो संग्रह, हे मी त्यांच्या लेखनावरून शिकलो.

आता त्या छळणाऱ्या प्रश्नाकडे वळतो. एकदा आईला मी डेनीची ती पक्ष्यांची रचना ऐकवली. ती तांदूळ निवडत होती. थोडा वेळ ऐकून म्हणाली, “आरं, ह्यो पक्षी न्हाय. मानूस वरडतोय.” जे कळायला मला पुस्तक लागले ते तिने क्षणात ओळखले, कारण जंगलातला पक्षी तिला रोज भेटतो. एक्झॉटिकाचे सगळे मर्म ह्या वाक्यात आहे. ते रानाचे संगीत नव्हे. रान न पाहिलेल्याच्या मनातल्या रानाचे आहे.

ह्याचे टोकाचे उदाहरण म्हणजे कोर्ला पंडित. डोक्याला रत्नजडित फेटा बांधून ऑर्गन वाजवणारा हा कलावंत १९५० च्या सुमारास अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर प्रसिद्ध होता. आपण दिल्लीत जन्मलो असे तो सांगे. १९९८ मध्ये तो वारला. २००१ मध्ये उघड झाले की, त्याचे खरे नाव जॉन रोलंड रेड, जन्म मिसुरी राज्यातला आणि कुटुंब कृष्णवर्णीय अमेरिकन. त्या काळी काळ्या माणसाला जी दारे बंद होती, ती फेटा बांधलेल्या ‘हिंदी’ माणसाला उघडत होती. म्हणजे आपण हवाईला दूरदेश समजत होतो आणि ते आपल्याला! मला त्याचा राग येत नाही. पोटासाठी आणि कलेसाठी एका माणसाला जन्मभर दुसऱ्याचे सोंग घ्यावे लागले, ह्याचे वाईट वाटते.

आणि मग आमची मुळशी. पाहुण्यांच्या छायाचित्रांत आमचे खोरे ‘शांत’ असते. ते शांत का झाले? टाटा कंपनीने मुंबईला वीज देण्यासाठी येथे धरण बांधायला घेतले. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट ह्यांना ‘सेनापती’ ही पदवी ह्याच लढ्याने दिली. १९२४ पर्यंत लढा चालला, बायका-माणसे तुरुंगात गेली, आणि अखेर धरण झाले. पाणी भिऱ्याला उतरून वीज झाली. गावे आणि भाताची खाचरे पाण्याखाली राहिली. तेव्हा गवताच्या झोपडीत ‘शांत गाव’ वाजू लागले की, ताटे उचलणाऱ्या माझ्यासारख्याला ते निराळे ऐकू येते.

म्हणून हे संगीत टाकून द्यावे का? मला तसे वाटत नाही. व्हायब्राफोनचा तो सूर अजूनही मला धरून ठेवतो. माणसाने दूरच्या गावाचे स्वप्न पाहू नये, असे कोण म्हणेल? मीही पौडच्या एस. टी. स्थानकावर बसून होनोलुलूचे पाहतोच. फक्त स्वप्नाला स्वप्न म्हणावे आणि त्या गावात राहणाऱ्यांचा आवाजही शोधावा.

तो आवाज आमच्याकडे नोंदलेला आहे, ही आनंदाची गोष्ट. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ ह्यांनी मावळ-मुळशीच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यास सुरुवात केली आणि पुढे महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. अनेक ओव्या बर्नार्ड बेल ह्यांच्या मदतीने ध्वनिमुद्रित झाल्या. आज त्या ‘परी’ ह्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट ऐकता येतात. गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासह. तबकडीवर गोव्याच्या वादकाचे नाव नसते, पण येथे दळणाऱ्या बाईचे असते. संग्रह कसा करावा ह्याचा हा माझ्यापुढचा वस्तुपाठ.

माझ्या संग्रहाचा चौथा खण मी ह्या दिवाळीपासून उघडला आहे. आजीचे वय ऐंशीच्या पुढे. जाते केव्हाच दाराशी पालथे पडले आहे. पण सूर तिच्या गळ्यात आहे. मोबाइलवर आतापर्यंत तिच्या ११ ओव्या मुद्रित केल्या. वहीत नाव, गाव, तारीख, सगळे लिहिले. मध्येच कोंबडा आरवतो, चुलीवर काहीतरी उतू जाते, आई हाक मारते. हे आवाज मी काढून टाकत नाही. ते कोणी थट्टेने घातलेले नाहीत.

मित्रहो, आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर जुन्या तबकड्या असतील तर भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा मला हाक मारा. आणि कोणाच्या घरी ओव्या म्हणणारी आजी असेल तर माझी वाट पाहू नका. मोबाइल तुमच्या खिशात आहेच.